पाऊस की हिम?

पुण्याला शिवाजीनगर भागात ‘सिमला ऑफिस’ नावाचा एक चौक आहे. रोज कितीतरी लोक बसमध्ये ते नाव सांगून तिकीट काढतात. पण पुण्यात हे सिमला कोठून आले, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. भारताच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय आधी कलकत्त्यास होते, १९०५ साली ते सिमल्यास गेले आणि १९२८ साली तेथून पुण्यास आले. कचेरी आली, तिच्या मागोमाग तिच्या जुन्या गावाचे नावही आले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हलले. नाव मात्र चौकाला चिकटून राहिले ते आजतागायत.

आज आपण याच वाटेने उलटे, म्हणजे पुण्याहून शिमल्यास जाणार आहोत. निमित्त आहे एका अंदाजाचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाची सहल घेऊन मी डिसेंबरात शिमल्यास गेलो होतो. सत्तावीस मुलेमुली होती. त्यांतल्या एकानेही आकाशातून पडणारे हिम कधी पाहिलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही नव्हते. पोचलो त्याच दिवशी एका विद्यार्थिनीने वर्तमानपत्रातील अंदाज वाचून दाखविला. त्याचा आशय असा होता: शिमला व परिसरात उद्या सायंकाळनंतर हलका पाऊस अथवा हंगामातील पहिली हलकी हिमवृष्टी होण्याची शक्यता आहे, उंच भागांत हिमवृष्टी होईल.

ती म्हणाली, “सर, हा काय अंदाज झाला? पाऊस अथवा हिम! म्हणजे काहीही झाले तरी यांचेच खरे.”

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या ‘अथवा’त किती पदार्थविज्ञान दडलेले आहे, हे मला पुढच्या चार दिवसांत नीटच कळले. तुम्हीही हा अंदाज पुन्हा एकदा वाचा. त्यात ‘पहिली’ आणि ‘हलकी’ असे दोन साधे शब्द आहेत. अंदाज वर्तविणाऱ्याला सर्वांत जास्त छळतात ते हेच दोन. भर जानेवारीतल्या जबर हिमवृष्टीचा अंदाज त्या मानाने सोपा असतो.

वरून सगळे हिमच निघते

हिवाळ्यात शिमल्याला ढग येतात ते आपल्या मोसमी वाऱ्यांबरोबर नव्हेत. भूमध्य समुद्राच्या बाजूने, इराण-अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली त्यांना घेऊन येतात. त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. उंचावरून वेगाने वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या ओघात त्या येतात आणि कधी कधी अरबी समुद्रावरचे बाष्पही ओढून घेतात. असा विक्षोभ पुढे निघून गेला की त्याच्या मागून उत्तरेचा गार वारा खाली उतरतो; नाशिक-निफाडकडे द्राक्षांच्या मळ्यांत हुडहुडी भरते ती बहुधा यामुळेच. तेव्हा या पाहुण्याशी आपलीही थोडी ओळख आहे.

विक्षोभ केव्हा पोचणार, हे आजकाल उपग्रहांची चित्रे आणि संगणकावरील गणिते यांच्या आधारे दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. ढगातून जे पडेल ते जमिनीवर पोचताना पाणी असेल की हिम?

ढगात ते बहुतेक वेळा हिमच असते. ढगाच्या वरच्या भागात तापमान शून्याच्या बरेच खाली असते. तेथे काही स्फटिक तयार होतात, आजूबाजूच्या अतिशीत जलबिंदूंचे बाष्प ओढून घेत वाढतात, एकमेकांत अडकतात आणि जड झाले की खाली येऊ लागतात. आपल्याकडे वळवाचा जो टपोरा पाऊस पडतो, त्यातलेही बरेचसे थेंब वर हिमकण किंवा गारा म्हणून जन्मलेले असतात. फरक एवढाच, की त्या दिवसांत महाराष्ट्रावर शून्य अंशाची पातळी चार-पाच किलोमीटर उंच असते. तेथून जमिनीपर्यंत येताना त्यांना वितळायला भरपूर वाट मिळते.

शिमल्यात डिसेंबरात ही शून्य अंशाची पातळी गावाच्या डोक्यावर थोडीशीच वर असते. कधी ती खालीही येते. हिमकण शून्याची पातळी ओलांडली की लगेच वितळतो असे नाही. तो सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या सावकाश गतीने तरंगत येतो, आणि पूर्ण वितळेपर्यंत साधारण दोनशे-तीनशे मीटर उतरलेला असतो. म्हणून हिम आणि पाऊस यांच्यामधली सीमा शून्याच्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खाली असते.

आता थोडे गणित करू. शिमल्याचे ‘रिज’ नावाचे मोकळे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंच आहे. गावातलीच जाखू टेकडी २४५५ मीटर उंच आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते असे धरले, तर रिज आणि जाखूचा माथा यांच्यात दीड अंशाहून थोडा अधिक फरक पडतो. एवढ्या फरकाने जाखूवर देवदारांच्या फांद्या पांढऱ्या होतात आणि खाली बसस्थानकावर माणसे छत्र्या उघडतात. गाव एकच, वेळ एकच. अंदाज एकाच ओळीत कसा द्यायचा?

हेच गणित उलटे करून पाहा. तापमानाच्या अंदाजात एका अंशाची चूक झाली, तर हिमाची सीमा सुमारे दीडशे मीटरांनी वर किंवा खाली सरकते. पुण्याचे उद्याचे तापमान २९ सांगितले आणि ३० निघाले, तर कोणी वेधशाळेला पत्र लिहीत नाही. शिमल्यात त्याच एका अंशाने माल रोड पांढरा होतो किंवा नुसता भिजतो.

दोन संध्याकाळी, चार अंश दोन्ही

आमच्या सामानात प्रयोगशाळेतले दोन तापमापी होते. मुलांनी ते उतारगृहाच्या व्हरांड्यात टांगले. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले. हा ‘ओला तापमापी’, दुसरा ‘कोरडा’. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ही जोडी आर्द्रता मोजण्यासाठी दिलेली असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडा तापमापी ४ अंश दाखवीत होता, ओला ३ अंशांहून किंचित वर. सात वाजता भुरभुर सुरू झाली. मुले धावत बाहेर गेली आणि भिजून परत आली. पाऊस!

चौथ्या दिवशी पुन्हा ढग आले. संध्याकाळी सहा वाजता कोरडा तापमापी पुन्हा ४ अंशांवर. “सर, परवासारखेच होणार,” असे म्हणून अर्धी मंडळी पत्ते कुटायला आत गेली. पण ओला तापमापी या वेळी शून्याच्या अगदी जवळ होता. थोड्याच वेळात आभाळातून काहीतरी तरंगत आले आणि माझ्या बाहीवर बसले. सहा कोन स्पष्ट दिसत होते. तासाभरात कोरडा तापमापीही १ अंशावर उतरला.

दोन्ही संध्याकाळी हवेचे तापमान सारखेच असताना एकदा पाऊस आणि एकदा हिम, हे कसे?

माठातले पाणी गार का होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. मातीच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती माठातल्या पाण्यातूनच घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० कॅलरी लागतात. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास लागतात फक्त ८०. (नव्या पुस्तकांतून ज्यूल वापरतात, एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.२ ज्यूल. मला मात्र ८० हा आकडा सोडवत नाही.)

कोरड्या हवेतून उतरणारा हिमकण म्हणजे एक चिमुकला माठ समजा. भोवतालची हवा शून्याहून उबदार आहे, त्यामुळे ती त्याला उष्णता देते. पण हवा कोरडी असल्याने हिमकणाच्या पृष्ठावरून बाष्पही उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. ६०० भागिले ८० म्हणजे साडेसात. हिमाचा एक ग्रॅम भाग बाष्प होऊन गेला, तर त्याने नेलेली उष्णता दुसऱ्या सात ग्रॅमांना वितळविण्यास पुरली असती. थोडा भाग हवेच्या स्वाधीन करून हिमकण उरलेला भाग वाचवितो. शिवाय ज्या हवेतून हे कण पडतात, ती हवाही थंड आणि दमट होत जाते. ती कुठपर्यंत थंड होऊ शकेल? ओला तापमापी दाखवितो, साधारण तेथपर्यंत.

शिमल्याच्या उंचीवर हवेचा दाब कमी, सुमारे ७८० मिलिबार असतो. त्या दाबाला हवा ४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर ओल्या तापमापीवर जवळपास नेमके शून्य दिसते. आर्द्रता ९० टक्के असेल, तर तोच तापमापी ३ अंशांच्या वर थांबतो. पहिल्या परिस्थितीत हिमाला आशा आहे, दुसऱ्या परिस्थितीत नाही. ‘तापमान शून्यावर आले की बर्फ पडतो’ हे वाक्य पुष्कळ निबंधांतून आढळते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की ते तांबड्या शाईने दुरुस्त करावे. ओला तापमापी शून्याजवळ, फार तर एखाद्या अंशाने वर असेल, तर हिमाची शक्यता धरावी. कोरड्यावर चार अंश असले तरी चालतील.

‘हलकी’ या शब्दाची अडचण

हवा दमट असली आणि ओला तापमापी शून्याच्या वर असला, तर हिम कधीच पडणार नाही का? पडू शकते, पण त्यासाठी ते पुष्कळ पडले पाहिजे! हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून आकडे मांडून पाहू.

जमिनीचा एक चौरस मीटरचा तुकडा घ्या. त्याच्यावर ४०० मीटर उंचीपर्यंतची हवा शून्याहून उबदार आहे असे समजा: वर शून्य आणि जमिनीलगत २.४ अंश, म्हणजे सरासरी १.२ अंश. शिमल्याच्या उंचीवर एक घनमीटर हवेचे वस्तुमान जवळजवळ एक किलोग्रॅम भरते. तेव्हा या स्तंभात ४०० किलोग्रॅम हवा आहे. हवेचा विशिष्ट उष्मा ०.२४. म्हणून ती सगळी हवा शून्यावर आणण्यासाठी तिच्यातून

४०० × ०.२४ × १.२ = सुमारे ११५ किलोकॅलरी

काढून घ्यायला हव्यात. काढणार कोण? वितळणारे हिम! एक किलोग्रॅम हिम वितळताना ८० किलोकॅलरी घेते. एक चौरस मीटरवर एक किलोग्रॅम पाणी म्हणजे बरोबर एक मिलिमीटर पाऊस. म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर पाण्याइतके हिम वाटेत वितळून ‘खर्ची’ पडले, की मागून येणाऱ्या हिमाला जमिनीपर्यंत वाट मोकळी होते.

येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. न केल्यास एखादा चौकस वाचक मला पत्र लिहील. हवा जर बाष्पाने संपृक्त असेल, तर ती थंड होताना तिच्यातल्या काही बाष्पाचे पाणी होते आणि अप्रकट उष्मा बाहेर पडतो. तो हवेला पुन्हा थोडी गरम करतो. त्यामुळे या परिस्थितीत आपला आकडा जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा तीन मिलिमीटर धरू.

आता वृष्टीचा जोर पाहा. तासाला पाच-सहा मिलिमीटर इतकी जोराची वृष्टी असेल, तर अर्ध्या तासात हवा शून्यापर्यंत उतरते आणि पावसाचे हिम होते. पहाडातले लोक सांगतात, की पाऊस पडता पडता एकाएकी आवाज थांबतो, आणि खिडकी उघडून पाहावे तो बाहेर बर्फ पडत असतो. ते हेच. पण वृष्टी हलकी, तासाला अर्धा मिलिमीटर असेल, तर त्याच कामाला सहा तास लागतील. तोपर्यंत विक्षोभ पुढे निघूनही जातो, किंवा दरीतून वर चढणारा वारा नवी उबदार हवा आणून सगळे केलेले काम वाया घालवितो.

म्हणजे जोराची हिमवृष्टी स्वतःचा रस्ता स्वतः तयार करते. हलक्या हिमवृष्टीला हवेने आधीच तयार करून ठेवलेल्या रस्त्यानेच यावे लागते. म्हणून अंदाज देणाऱ्याला हवेची स्थिती अंशाच्या अपूर्णांकापर्यंत माहीत असावी लागते. तेवढी ती माहीत नसते. मग तो प्रामाणिकपणे ‘अथवा’ लिहितो.

वर काय चालले आहे ते कसे कळते?

हवामान खाते रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ठरावीक ठिकाणांहून हायड्रोजनचे फुगे सोडते. उत्तरेत श्रीनगर, पतियाळा, दिल्ली ही त्यांतली काही ठिकाणे. फुग्याला बांधलेली छोटी पेटी वर जाता जाता तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओने खाली कळविते. त्यावरून शून्याची पातळी काढता येते. पण पतियाळा मैदानात आहे आणि शिमला डोंगराच्या खांद्यावर. मधल्या दऱ्याखोऱ्यांत थंड हवा कोठे साचली आहे, याचा पत्ता त्या फुग्याला लागत नाही.

२०२१ च्या जानेवारीत शिमल्याजवळ कुफ्री येथे डॉप्लर रडार सुरू झाले. रडारची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बर्फ रडारच्या लहरी फार कमी परतवितो. तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबाच्या मानाने सुमारे पाचवा हिस्सा. पण हिमकण वितळू लागला, की त्याच्यावर पाण्याचा पातळ लेप चढतो. आकार हिमकणाचा मोठा, आणि अंग पाण्याचे! रडारला तो एखाद्या प्रचंड थेंबासारखा दिसतो. आणखी खाली तो पुरता वितळून लहानसा थेंब होतो आणि वेगाने पडू लागल्यामुळे थेंब विरळही होतात. त्यामुळे रडारच्या चित्रात जेथे हिम वितळते, नेमक्या त्या उंचीवर एक ठळक पट्टा उमटतो. तो पट्टा खाली सरकू लागला, की गावाला हिमाची चाहूल लागली म्हणून समजावे. मात्र ही चाहूल तास-दोन तास आधीची; सहलीचा बेत आखायला तिचा उपयोग नाही.

‘पहिली’ या शब्दाची अडचण

हिम जमिनीपर्यंत पोचले, तरी ते टिकेल असे नाही. हंगामाच्या आरंभी जमीन, दगडी भिंती, डांबरी रस्ते यांनी शरद ऋतूतले ऊन साठवून ठेवलेले असते. दोन मिलिमीटर पाण्याइतके हिम वितळविण्यास दर चौरस मीटरला १६० किलोकॅलरी पुरतात, आणि तेवढी उष्णता रस्त्याच्या पोटात सहज असते. आमच्या चौथ्या दिवशीच्या हिमवृष्टीत पत्र्याची छपरे, गवत आणि बाकांच्या पाठी बोटभर पांढऱ्या झाल्या. माल रोड नुसता ओला. पत्रा पातळ असतो, त्याच्यात उष्णतेचा साठा नाही, तो लगेच थंड होतो. जमिनीपासून सुटे असलेले पूल रस्त्याआधी गोठतात, तेही याच कारणाने.

येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता निघून चंडीगडला गाडी पकडायची, असे आमचे ठरले होते. मी साडेचारला उठून बाहेर पाहिले. आभाळ निरभ्र, चांदण्या लखलखत होत्या. रस्त्यावर हिम नव्हतेच, नुसती ओल चमकत होती. सामान भरून सगळे तयार झाले, आणि बसचा चालक म्हणाला, “मास्टरजी, ऊन चढल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

मी त्याच्यावर चिडलो. रस्ता पांढरा नाही, मग भीती कसली? सत्तावीस तिकिटे वाया जातील. तो शांतपणे चहा पीत बसला. शेवटी वैतागून मी स्वतःच रस्त्यावर गेलो, आणि दुसऱ्याच पावलाला पाठीवर आपटलो.

ती ओल नव्हती, तो बर्फाचा काचेसारखा पापुद्रा होता. संध्याकाळी रस्त्याने आपली साठवलेली उष्णता हिम वितळविण्यात घालविली. मध्यरात्री ढग गेले. ढग असताना जमिनीने फेकलेली उष्णता बरीचशी परत मिळते. आभाळ मोकळे झाले की ती सरळ निसटून जाते. वितळलेले पाणी जागच्या जागी गोठले, आणि पारदर्शक असल्यामुळे खालचे काळे डांबरच दिसत राहिले. हे सगळे मी दरवर्षी वर्गात शिकवितो! चालकाला अप्रकट उष्मा हा शब्द ठाऊक नसेल, पण पहिल्या हलक्या हिमवृष्टीनंतरची निरभ्र पहाट जाड बर्फाहून धोक्याची असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. जाड बर्फ दिसतो तरी. साडेनऊला आम्ही निघालो. उन्हातला रस्ता कोरडा होऊ लागला होता. सावलीतल्या एका वळणावर मात्र दोन मोटारी कठड्याला टेकून आडव्या उभ्या होत्या. सुदैवाने कोणाला लागले नव्हते. आमची गाडी अर्थातच चुकली.

नंतर मी ते वर्तमानपत्र पुन्हा काढून पाहिले. आम्ही जो अंदाज वाचून हसलो होतो, त्याच्या शेवटी आणखी एक वाक्य होते: पहाटे रस्ते निसरडे होण्याची शक्यता. ते कोणीच मोठ्याने वाचले नव्हते.

पहिले हिम केव्हा पडेल, हे तारखेवरून मुळीच ठरत नाही. २०२४ सालाचेच उदाहरण घ्या. त्या वर्षीचा जानेवारी हिमाचलात कोरडा गेला, आणि शिमल्याला त्या हिवाळ्यातले पहिले हिम फेब्रुवारी उजाडताना पाहायला मिळाले. त्याच वर्षी, पण पुढच्या हिवाळ्यातले पहिले हिम ८ डिसेंबरलाच पडले. सफरचंदाच्या बागाईतदारांना या फरकाची झळ लागते. झाडांना फुलोऱ्यापूर्वी ठरावीक थंडी लागते, आणि सावकाश वितळणारे हिम मुळांना पाणी देत राहते. पर्यटकाला गंमत वाटणारी ओळ बागाईतदार वेगळ्या नजरेने वाचतो.

तुम्ही करून पाहा

आपल्याकडे हिम पडणार नाही, पण ओला तापमापी कोठेही चालतो. सारखेच वाचन दाखविणारे दोन तापमापी निवडा. एकाच्या फुग्याला स्वच्छ मलमलीची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवून ठेवा. दोन्ही सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि दहा मिनिटांनी वाचा. वारा नसेल तर फुग्याभोवतीची हवाच दमट होऊन बसते आणि ओले वाचन खोटे, म्हणजे जास्त येते. (पाऱ्याचा तापमापी असेल तर शिक्षकांनी जवळ उभे राहावे, शक्यतो मद्यार्काचाच घ्यावा.) मे महिन्यात पुण्यात दुपारी कोरडा ३८ आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला वीस-एकवीसपर्यंत उतरलेला दिसेल. कोकणातल्या मित्राला त्याच दिवशी हा प्रयोग करायला सांगा आणि दोन्ही फरकांची तुलना करा.

आणि हे एक उदाहरण वहीत सोडवा. कालका स्थानक ६५६ मीटर उंचीवर आहे, शिमला स्थानक २०७५ मीटरवर. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी कालक्यास १२ अंश तापमान आहे आणि ढग आले आहेत. शिमला स्थानकावर किती तापमान असेल? तेथे पाऊस पडेल की हिम, हे सांगण्यासाठी तेथल्या स्थानकमास्तरांना दूरध्वनीवर आणखी एकच संख्या विचारायची मुभा आहे. कोणती विचाराल?